तोंडाले लावाचा केक

मी ज्योत्स्ना. बारावी झाली, आता नागपूरच्या कॉलेजात केक-ब्रेड शिकाले चालली. तिथं प्रवेशाच्या वेळी समोर केक कराले लावतात अन् परीक्षक खाऊन पाहतात, असं समजलं. म्हणून उन्हाळाभर पोंभुर्ण्यातल्या हेमराजभाऊच्या बेकरीत हात बसवाले गेली. मले एकच पाहिजे होतं. कोण्या परक्या माणसानं माझा केक खावा अन् खरं सांगावं. घरच्यायचा भरवसा नाई. आईले जळलेली भाकर देली तरी ते चांगलीच म्हणते.

पण हेमराजभाऊचा केक कोणी खातच नव्हतं ना बाप्पा! तो तोंडाले लावाले असते. मेणबत्ती विझली की पोट्टे धावतात अन् सारा केक वाढदिवसवाल्याच्या थोबाडावर. मग केसाले, मग शर्टाले, मग मागं उभ्या असलेल्या बिचाऱ्या मावशीले. गिऱ्हाईक चव विचारत नसे, साबणानं निघते का ते विचारे. हेमराजभाऊनं पहिल्याच दिवशी सांगतलं की आतला केक नावापुरता, खरी कलाकारी क्रीममंदी. डालड्याचं क्रीम असं घोटाचं की गालाले चिकटलं पाहिजे अन् चंद्रपुरी उन्हात पघळलं नाई पाहिजे. मी घोटलं. मनगट सुजलं. ते मले क्रीम भिंतीवर फेकून पाहाले लावत, अन् चिकटलं की पास म्हणत.

मे महिन्यात गुणवंतरावचा वाढदिवस आला. गुणवंतराव म्हणजे आमचे पुढारी. ते कोणत्या पदावर आहेत ते कोणालेच सांगता येत नाई, पण चौकाचौकात बॅनर त्यायचंच. जीपच्या बोनेटवर नावाच्या एकेका अक्षराचा एकेक केक मांडाचा अन् तलवारीनं कापाचा, अशी इकडची रीत. हेमराजभाऊ सारं माझ्यावर टाकून मोहर्लीले लग्नाले गेले. मी म्हटलं, आता नाई तर कधीच नाई. पहिले चार केक मी भाऊच्या पद्धतीनं केले. शेवटचे दोन माझ्या. घरच्या कोंबड्यायचे अंडे, घरचं लोणी, अन् आईनं जंगलातून आणून फोडलेली चारोळी. वरून सगळ्यायले तेच पांढरं क्रीम थापलं, म्हणजे कोणाले शंका नको.

पुढारी सकाळी येणार होते, म्हणून चौकात जीपवर सहाही केक मांडून ठेवले. दुपार कलली तरी पत्ता नाई. कार्यकर्ते उपाशी, बँडवाले उपाशी. तलवार सांभाळाले निकेश नावाचा कार्यकर्ता उभा होता. त्याले चारोळीचा वास आला असन, त्यानं तलवारीच्या टोकानं शेवटच्या केकचा कोपरा तोडला. मी समोरच्या पायरीवर, जीव टांगणीले लागलेला. त्यानं चावलं. थांबला. पुन्हा तोडला. मग साऱ्यायकडं पाठ करून गुपचूप खाऊ लागला. तेवढ्यात बँडवाल्यानं पाहिलं, अन् झुंबडच उडाली. एकानंही तोंडाले लावलं नाई, साऱ्यायनं तोंडात घातलं. एक जण तर पुठ्ठा चाटून राह्यला होता. भर चौकात मले रडू आलं.

गुणवंतराव आले तर बोनेटवर नुसतं ‘गुणवंत’. चारचौघात कोणी अरे-तुरे करावं तसा त्यायचा चेहरा झाला. उरलेले चार केक त्यायच्या तोंडाले लावले गेले खरे, पण फोटोत मजा आली नाई म्हणतात.

दिवस मावळता हेमराजभाऊ आले अन् मले कामावरून काढलं.

"लोकायनं केक खाल्ला, ज्योत्स्ना," ते कपाळाले हात लावून म्हणाले. "आपल्या बेकरीत असं कधी झालं नव्हतं."

मले रागही आला अन् हसूही. ज्याच्यासाठी मी मरून राह्यली होती, तोच माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकेश आमच्या घरच्या मागच्या दारी उभा. मी म्हटलं, आता हा भांडाले आला. तर तो हळूच म्हणे, साहेबायनं तलवारीच्या पात्याले लागलेलं थोडंसं चाटून पाहिलं, त्यायले तसा एक केक पाहिजे. घरी, खाले. कोणाले सांगाचं नाई.

"तो करून देईन," मी म्हटलं. "पण तुमी आधी खरं सांगा. कसा होता?"

तो भल्लाच अवघडला. पायानं माती उकरत राह्यला.

"गोड जरासा कमी होता," म्हणे.

मी त्याले बसाले खाट टाकून देली, अन् अंडे काढाले खुराड्याकडं पळाली.