शिकवणारीचा आरसा

"बोलता येत नाही म्हणता, मग माझ्या आईला शिव्या कशा काय येतात?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि टकळीनं जीभ चावली. थेरपीच्या मॅडमना हे विचारायची तुझी छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. छाती होणार नाही? जिचं नाव सख्ख्या आईनंच टकळी ठेवलंय, तिची? शेजारच्या खुर्चीत बाबा कानापर्यंत लाल झाले. आई मात्र फस्सकन हसली.

मॅडमही हसल्या. "कोणती शिवी देतात?"

"परवा खिडकीतून एका टेंपोवाल्याला म्हणाली, 'मेल्या, डोळे काय भाड्यानं दिलेत?' अख्खं वाक्य, एका दमात! आणि पाणी मागायचं तर, 'ते... ते... चावी.'"

"अगं, ते वाक्य वर्षानुवर्षांच्या सवयीचं. ते कायम दारात चपला घालूनच उभं असतं." मॅडमनी आईकडे बघतच, सावकाश सांगितलं. "बाकीचे शब्द आतल्या खोलीतून आणावे लागतात. आणायला निघालेल्याला वाटेत कुणी हाक मारली की संपलं, कशाला आलो होतो तेच विसरतो. शब्द घरातच आहेत. पण लक्ष एका जागी धरणं, हातातलं सांभाळत दुसरं उचलणं, हे झटक्यानंतर अवघड झालंय."

आईनं मान डोलावली. हातानं दार दाखवलं, मग खोली दाखवली, मग कपाळावर हात मारून घेतला. एवढं छान तर वर्गात कुणी फळ्यावरसुद्धा समजावलं नव्हतं.

आई गाडी शिकवायची. तिच्या पायाशी जादा ब्रेक, काचेवर तिचा स्वतःचा वेगळा आरसा, आणि तोंडानं अखंड चालू, "क्लच. हळू. सोड, सोड, सोड... शाब्बास!" निम्मं शहर तिच्या शेजारी बसून घाम पुसत शिकलं होतं. मेंदूचा झटका आला त्याला आता वर्ष होत आलं. हात सावरला, पाय सावरला, नजर डॉक्टरांनी तपासली. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले होते, मॅडमनी होकार दिला की बाईंची गाडी बाईंची. नाही दिला, तर नव्या माणसाला बसवावं लागेल, किती दिवस गाडी उभी ठेवणार?

"इथे तुम्ही सगळी चित्रं ओळखता," मॅडम आईला म्हणाल्या. "पण ही खोली शांत आहे. रस्ता शांत नसतो. घरी गडबडीत काय होतं ते बघा आणि सोमवारी मला सांगा. मग मी ठरवते." मग त्या टकळीकडे वळल्या. "नीट बघ हं. लपवू नकोस आणि फुगवूही नकोस."

रस्त्यावर येताच बाबांनी टकळीला बाजूला घेतलं. "सोमवारी काय सांगायचं?"

"काय?"

"सगळं झकास. एवढंच. उगाच फाटे फोडू नकोस. तिचा जीव त्या गाडीत अडकलाय."

टकळीला ते शंभर टक्के पटलं. आणि नुसतं झकास सांगायचं कशाला, झकास करूनच दाखवायचं! ती आईची मास्तरीण झाली. स्वयंपाकघरात वस्तू पुढे धरायची, आई नाव सांगायची. "झारा. चाळणी. सांडशी." वा! मग टकळीनं मिक्सर लावला आणि पुन्हा सांडशी पुढे धरली.

आईच्या ओठांची हालचाल झाली. शब्द आला नाही. मिक्सर घरघरत होता. आईनं आधी सांडशीकडे, मग मिक्सरकडे पाहिलं, आणि मग तिनं मिक्सरची वायरच खेचली.

"सांडशी," ती शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात बाबा बाहेरून ओरडले, "अगं, गॅस बंद कर, दार लाव आणि माझी किल्ली दे!" आई किल्ली घेऊन गेली. गॅस टकळीनं बंद केला. सरावानं होईल, तिनं स्वतःला बजावलं. होईलच.

रविवारी मालकांनी गाडी दिली. गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात, म्हणाले, हात साफ करून घ्या. शिकायला कोण बसणार? बाबा! बायको निम्म्या शहराला गाडी शिकवते आणि नवरा आजवर लायसनच्या वाटेला गेला नव्हता. परवा कुठे त्यांचं कच्चं लायसन निघालं होतं.

"मला काही झालं तर माझी सायकल टकळीला," बाबा स्टिअरिंगला घोरपडीसारखे चिकटून म्हणाले.

"मुकाट्यानं... बसा," आई म्हणाली.

टकळी मागच्या सीटवर टाळ्या पिटत होती. आईनं काचेवरचा आपला आरसा बोटानं जरासा वळवला. आणि काय सांगावं, ती सुरूच झाली!

"क्लच. हळू. सोड, सोड, सोड..."

गाडी सरकली. बाबांना अहो-जाहो करणारी आई त्यांना 'सोड' म्हणत होती, त्यामुळे तेही हसत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. "गिअर. वळव. शाब्बास!" आईची मान ताठ झाली होती. वर्षभर घरात जी बाई खुर्चीच्या कडेला बसल्यासारखी वावरत होती, ती आज सीटभर बसली होती. टकळीचे डोळे भरून आले.

तिसऱ्या फेरीला बाबांच्या खिशात फोन वाजायला लागला.

"कुणाचा असेल गं?" बाबा म्हणाले.

"बाबा, समोर बघा!" टकळी ओरडली.

गोदामाच्या कोपऱ्यावरून एक म्हातारा सायकल ढकलत समोर आला. आईनं त्याला पाहिलं. आरशात टकळीला आईचे डोळे दिसत होते, ते थेट त्याच्यावरच होते. तोंड उघडलं. "ब... ते... चा..." फोन वाजतच होता. बाबांचा पाय भीतीनं भलत्याच जागी रुतला आणि गाडीनं वेग घेतला. "चा... चाळ..." आईचं सगळं अंग तो एक शब्द शोधत होतं, आणि तिचा पाय जादा ब्रेकच्या बाजूला तसाच होता. गार, निश्चल.

टकळी दोन सीटांच्या मधून पुढे झेपावली आणि तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

गाडी फरफटली, गचकली आणि बंद पडली. सायकलचं मागचं चाक बंपरपासून वीतभर अंतरावर होतं.

फोनही थांबला. त्या शांततेत आई कडाडली, "मेल्या, डोळे काय भाड्यानं दिलेत?"

म्हाताऱ्यानं वाकून आत पाहिलं आणि बोळकं पसरलं. "बाई, तुम्ही होय! माझ्या सुनेला तुम्हीच शिकवलंत. कुणी तरी म्हणालं, तुमची वाचा गेली. आवाज तर ठणठणीत आहे की!"

"आहेच मुळी!" बाबा घाम पुसत हसले. "ऐकलंस ना टकळे? जमलं की नाही?"

टकळीनं आरशात पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. चेहऱ्याकडे नव्हे, हँडब्रेकवर अजून घट्ट रुतलेल्या हातांकडे. मग तिनं खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

पुढे एकटे बाबाच बोलत राहिले. गाडी न्यायला मालकांचा माणूस आला. उतरण्याआधी आईनं हात वर केला, काचेवरचा आपला आरसा फिरवून सोडवला आणि पदराला पुसून पिशवीत टाकला.

घरी आल्यावर बाबांनी टीव्ही लावला. "उद्या सकाळी मॅडम, दुपारी मालक. काय टकळे, काय सांगायचं?"

टकळीनं टीव्ही बंद केला. खिडकी लावली. बाबांचा फोन उचलून आतल्या खोलीत गादीखाली ठेवून आली. मग आईच्या समोर बसली आणि, जन्मात पहिल्यांदा, गप्प राहिली.

"काय नाटक आहे हे?" बाबा म्हणाले.

"शू."

आई बराच वेळ टेबलाकडे बघत होती. टकळीच्या जिभेवर दहा शब्द नाचत होते, ते तिनं दातांखाली धरून ठेवले.

"दिसला," आई शेवटी म्हणाली. "म्हातारा. मला. दिसला." तिनं पायावर हात ठेवला. "हा... नाही... गेला."

बाबांचा चेहरा उतरला. "अगं, पहिलाच दिवस होता. माझीच चूक, मीच येडा. म्हणून काय लगेच..."

आईनं पिशवीतून आरसा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

आता मात्र टकळी उभी राहिली.

"उद्या मॅडमना मी सांगणार आहे. पाय हलला नाही, हे सांगणार. शांतता असली की आईला सगळं येतं, हेही सांगणार. बाबा, रागवायचं तर खुशाल रागवा. आणि आई, तू ऐक. मला अठरा वर्षं पूर्ण झाली की गाडी मी तुझ्याकडूनच शिकणार, दुसऱ्या कुणाकडून नाही. आधी उभ्या गाडीत. फोन घरी, खिडक्या बंद. मी किल्लीला हात लावून बसेन, आणि तुला शब्द सापडेपर्यंत गाडी सुरूच करणार नाही."