नावांची यादी आणि ताईची एक ओळ

मित्रांनो, मी एक जुना, छोटासा प्रोग्रॅम आहे. औषधे विकणाऱ्या एका वेबसाइटच्या पडद्यामागे बसून मी नावांच्या याद्या करतो.

मला ताईने घडवले. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणतात. पानावरचे रंग, अक्षरांचा आकार अशी सजावट एका फाइलमध्ये असते आणि प्रत्येक सजावटीला एक नाव असते. पानाने चुकीचे नाव घेतले, तर कुणी ओरडत नाही. सजावट नुसती गायब होते. अशा एका चुकीपायी ताईचे दोन दिवस वाया गेले आणि तिसऱ्या दिवशी माझा जन्म झाला. फाइल बदलली की मी तिच्यातली नावे नव्याने लिहून काढतो. यादीत नसलेले नाव कुणी वापरले, तर त्याच्याखाली लाल रेघ उमटते. प्रत्येक यादीच्या माथ्यावर ताईच्याच हुकमाने मी लिहितो, 'हाताने बदलू नये'. सुरुवातीला काय कौतुक झाले माझे! पुढे सगळे विसरले. चालायचेच.

मग ताईचे बाबा आजारी पडले. त्यांना दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी ताईने घाईघाईत, धोक्याचा मजकूर मोठा आणि लाल करणाऱ्या 'इशारा' या सजावटीचे नाव बदलून 'सूचना' केले. पानात मात्र जुनेच नाव राहिले. लाल रेघ आली. "आता तू नको रे डोकं खाऊ!" म्हणत तिने मला बंद केले आणि यादीत 'इशारा' स्वतःच्या हाताने लिहून टाकले. रेघ गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण तिच्यावर रागावणार कसा? तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. "अगं, गोळी हातात घेऊन बसलोय. तुमच्या पानावर तो मोठा लाल मजकूर असायचा ना, तो दिसत नाही. घेऊ का आत्ता?"

"जेवलात का?"

"नाही अजून."

"मग थांबा बाबा! ती उपाशीपोटी घ्यायची नाही."

मजकूर पानावर होता, पण सजावट गेल्याने इतका बारीक आणि फिकट, की बाबांच्या डोळ्यांना दिसेना. ताईने यादी उघडली, स्वतःची ओळ पाहिली आणि कपाळावर हात मारला. तिने मला पुन्हा सुरू केले. तिची ओळ गेली, लाल रेघ परतली. ताई त्या रेघेकडे डबडबल्या डोळ्यांनी पाहत राहिली. मग तिने पानातले नाव सुधारले.

मित्रांनो, तुमच्याही आसपास कुणीतरी सारखी कटकट करत असेल. त्याचे तोंड बंद करण्याआधी तो काय म्हणतो, ते एकदा ऐका. मला कुणी ओळखत नाही, त्याचे वाईट वाटत नाही. त्या दिवशी बाबांनी गोळी जेवल्यावर घेतली.