सकाळच्या भांडणाचं माप

मी बिस्किटांच्या कारखान्यात वजन तपासते. पुडा काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, पास की नापास ते सांगायचं. त्यामुळे दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी लेकीला प्रश्न विचारून आकडा सांगितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दहापैकी एक. म्हणजे सिगारेटचं व्यसन जवळजवळ नाहीच.

आणि ही सोळा वर्षांची बया ढसाढसा रडायला लागली!

"अगं, पास झालीस की," मी म्हणाले.

"आई, तू गप्प बस ना. मला सुटत नाहीये. मला गटात घ्या, प्लीज."

गट म्हणजे सिगारेट सोडू पाहणाऱ्या मुलांचा. जागा मोजक्या, म्हणून व्यसन पक्कं असेल त्यालाच आधी घेतात. मला काही सुधरेना. व्यसन कमी निघालं म्हणून रडणारी पोरगी मी पहिल्यांदाच बघत होते. आनंद मानावा की पाठीत धपाटा घालावा?

बाईही चक्रावल्या होत्या. "उठल्यावर पहिली सिगारेट कधी ओढतेस?" त्यांनी परत विचारलं.

"दुपारी."

"का? सकाळी नको वाटते?"

"सकाळी आई घरात असते."

खरं होतं. माझी दुसरी पाळी, हिचे वर्गही दुपारचे. घर दोन खोल्यांचं, आणि दप्तरात पाकीट सापडल्यापासून मी हिला एकटीला जिनाही उतरू देत नव्हते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे प्रश्न मोठ्यांसाठी केलेत. स्वतःच्या घरात, मर्जीला येईल तेव्हा ओढणाऱ्यांसाठी. उठल्याउठल्या ओढली की आकडा वाढतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सकाळी कशी असते ही?"

कशी असते? घर डोक्यावर घेते. चहा गार म्हणून कप आपटते, गरम करून दिला तर जीभ भाजली म्हणून आपटते. कामावर कधी जाणार, हे रोज विचारते. हिला माझं तोंड बघवत नाही, असंच मी धरून चालले होते. सुट्टीच्या दिवशी तर रात्रीपर्यंत तेच, म्हणून हल्ली सुट्टीलाही जादा पाळी मागून घेत होते. काटा निदान अंगावर ओरडत नाही.

हे सगळं मी बोलून गेले. मग बाईंनी लेकीला वेगळे प्रश्न विचारले. ओढायला मिळालं नाही की चिडचिड होते का? कशात लक्ष लागत नाही का? सोडायला गेलीस आणि जमलं नाही, असं झालंय का? सगळ्याला हो. हो म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"हिला जागा देते," बाई म्हणाल्या.

लेकीचं व्यसन पक्कं ठरलं. खरं तर मला धडकी भरायला हवी होती. पण मला हलकं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. म्हणजे ही माझा तिरस्कार करत नाही? एवढा सगळा तमाशा सिगारेटचा?

"बाई, त्या भांडणात सिगारेटचं किती आणि माझं किती, हे मोजता येतं का?"

लेकीनं नाक पुसलं.

"थोडं तुझंपण आहे, आई. तू सुट्टीलासुद्धा घरी थांबत नाहीस."

"मग मी घरी थांबू की जाऊ?"

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली आणि माझा हात धरून पुन्हा रडायला लागली.