मोकळं मनगट

"रोप परत वर येऊन राह्यलं, सर," माधवी म्हणाली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लोखंडी बोट चिखलात उतरलं, क्षणभर टेकलं आणि नुकतंच लावलेलं रोप चिमटीत धरूनच वर आलं.

"तू वेग दुप्पट केलास म्हणून," प्रफुल सर म्हणाले. "नेहमीच्या वेगात बघ. बरोबर बसतंय."

"धानाच्या बांधीत, चिखलात, वेग काय एकच राहते?"

सर हसले. ते नागपूरचे डिग्रीवाले इंजिनिअर; माधवी आयटीआय झालेली ड्राफ्ट्समन. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात तिला पाच वर्षं झाली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'काढणार' आणि 'तपासणार' असे नावांचे दोन चौकोन असतात. पाच वर्षांत त्यांतल्या एकातही तिचं नाव आलं नव्हतं.

दोन हजार चारचा जुलै. कारखान्याचे मालक सुरेंद्रभाऊ धान रोवण्याचं यंत्र करायला निघाले होते. चार वाजता यंत्र घेऊ पाहणारे पाहुणे मॉडेल बघायला येणार होते, आणि उद्या त्याच मॉडेलवरून लोखंड कापलं जाणार होतं.

यंत्राच्या हाताला खांदा होता, मनगट होतं आणि रोप बोटातून बाहेर ढकलणारा एक छोटा अंगठा होता. सरांनी प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर लावून दिली होती. तिन्ही सांधे घड्याळाकडे बघून नाचत होते; एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं. वेग बदलला की ताल सुटायचा.

"मोटर एकच ठेवू, सर. खांद्याले. बाकीच्यायनं त्याच्या मांगं जावं."

तेवढ्यात सुरेंद्रभाऊ दारात आले. "काय कटकट हाये? दिसाले चांगलं दिसते ना?"

"दिसाले दिसते, भाऊ. रोवाले नाई रोवत."

"पाहुणे पाह्यालेच येऊन राह्यले, बाई. रोवाले नाई. अन् हात लावून बिघडवलं तं उद्यापासून येऊ नोको."

"बिघडलं तं नाई येत," माधवी म्हणाली, आणि तिनं दोन मोटरी पुसून टाकल्या.

सर खुर्ची सरकवून उठले. माधवीनं अंगठा एका छोट्या कॅमनं, म्हणजे लंबगोल चाकानं, खांद्याशी जोडला. मोटर नसलेलं मनगट लोंबकळेल, या धास्तीनं ते तिनं घट्ट बांधून टाकलं. मग खांदा फिरवला. हात पाव फेरा गेला आणि अडला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच अडला. बारा वाजून गेले. पडद्यावर लाल खूण लुकलुकत राहिली.

बायनाबाई, तिची आई, डबा घेऊन आली ती अशा वेळी. चष्म्याचा नंबर काढायला चार दिवस लेकीकडे आली होती. आज पाचच्या बसनं तिला परतायचं होतं; गावात उद्या रोवणी लागणार होती.

"काऊन व, तोंड असं उतरलं?"

माधवीनं तिला पडद्यावरचा हात दाखवला. बायनाबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे बाई कधी चिखलात उतरलीच नाई वाटते."

माधवी तिचा हात धरून ओतशाळेत घेऊन गेली. ओतकाम करणाऱ्या मुखरूभाऊंच्या पेटीत साचा बनवायची ओली काळी वाळू भरून ठेवली होती. खराट्याच्या काड्या मोडून माधवीनं रोपांच्या जुडीसारखी पेंडी केली. "माय, रोवून दाखव."

"वाळूत?" मुखरूभाऊ हसायला लागले. "लोखंडाचं पीक काढता का, बायनाबाई?"

"तुमच्या वाळूत दुसरं काय पिकते, भाऊ?" बायनाबाईनं पदर खोचला आणि ती वाकली. वाकल्याबरोबर गाणं आपोआप ओठावर आलं.

*हिरवी पेंडी हातामंधी व, बांधी माही आरसा...*

हात उतरायचा, ओळ संपायची तिथंच अंगठा दाबला जायचा, आणि बोटं रिकामी होऊन वर यायची. तिनं गाणं जलद केलं, हात जलद झाला. काडी मात्र तिथंच, तेवढीच खोल. एक वीत सोडून दुसरी. माधवी मोजत होती: खांदा किती वळला की अंगठा पुढे येतो.

"आता तू कर," आई म्हणाली.

माधवी वाकली. आयटीआयला गेल्यापासून तिनं रोवणी केली नव्हती. तिचा हात ताठ उतरला आणि काडी तिरपी पडली. आईनं तिच्या मनगटावर चापट मारली.

"येले काऊन धरून ठेवलं? सोडून दे. खांदा गेला का ते आपल्याच मनानं मांगं येते."

माधवी तशीच वाकलेली राहिली. मग काड्या आईच्या हातात कोंबून ती धावत टेबलाशी गेली. मनगटाचं बंधन काढलं. मोटर नाही, गाठ नाही. फक्त एक पिन, मोकळी. आईची ओळ संपायची तेव्हा खांदा जितका वळलेला असायचा, तिथं अंगठा आणून ठेवला. खांदा फिरवला.

हात उतरला. अंगठ्यानं रोप ढकललं. बोटं रिकामी वर आली. दुप्पट वेग केला, चौपट केला, रोप चिखलातच राहिलं.

आई मागे येऊन उभी होती.

"हे मशीन आलं का आमाले रोवाले कोण बलावन व?"

माधवीनं माऊस सोडला.

"आमचं काम जाईन तं जाईन," बायनाबाई वाळूचे हात पुसत म्हणाली. "पण ते खोट्या रोवणीपायी नोको जावाले."

चार वाजता पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं माऊस स्वतःच्या हातात घेतला, खांदा उलटा ओढला. सगळे सांधे त्याच्याबरोबर उलटे गेले. सुलटा ओढला, सुलटे आले. "वा," तो म्हणाला. "कोणी केलं?"

"आमचे प्रफुल सर..." सुरेंद्रभाऊंनी सुरुवात केली.

"मी नाही," सर खाली बघत म्हणाले.

म्हाताऱ्यानं ड्रॉइंगचा कोपरा मोठा केला. काढणार: माधवी. तपासणार: बायनाबाई.

पाहुणे चहाला गेल्यावर सुरेंद्रभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "ते दुसरं नाव खोड. तपासणार म्हणे. अंगठा उठवते ते बाई."

"चूक त्या अंगठ्यानंच पकडली, भाऊ. नाव खोडाचं तं मॉडेलबी खोडा."

ती टेबलाजवळच उभी राहिली. सुरेंद्रभाऊंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा चहाच्या खोलीकडे. मग नाव तसंच सोडून ते पाहुण्यांकडे गेले.

आईला बसमध्ये बसवून माधवी परतली, तेव्हा भट्टी पेटली होती. मुखरूभाऊ दुसऱ्याच पेटीत वाळू भरत होते. पहिली पेटी त्यांनी उचलून भिंतीशी ठेवली होती. तिच्यातल्या काड्या तशाच उभ्या होत्या, वीत वीत अंतरावर, सरळ. शेवटची एक तेवढी तिरपी.