आबांचा डावा तळवा

केळीच्या बागेला पाणी पुरलं की नाही, हे शालिग्राम आबा डाव्या तळव्याने ओळखायचे. चप्पल काढायची, खोडाजवळ उभं राहायचं आणि पायाला गारवा लागला की विहिरीवरची मोटार बंद करायची, एवढीच त्यांची पद्धत. यंदा मात्र पायाची जाणीवच गेली. आबा चिखलात उभे राहून बाग कोरडी असल्याचं सांगत राहिले आणि एका कोपऱ्यातली मुळं कुजली. घरात आबांना बोलायची कोणाची टाप होती?

धुळ्यात डॉक्टरकी शिकणारी नात मयुरी त्यांना आपल्या कॉलेजात घेऊन आली. रक्तात साखर निघाली नाही, म्हणून डॉक्टरांनी पोटरीतल्या नसेचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला. निकाल मयुरीला तिच्या कॉलेजातल्या शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितला. आजार औषधाने थांबेल, पण गेलेली जाणीव परत यायची नाही. आबांना हे सांगायचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि ती ते टाळत राहिली.

"माह्याच पायाचा तुकडा हाये," आबा म्हणाले. "मले दाखव."

मॅडमनी परवानगी दिली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

"पान्याची नयी दिसते. गोल, जाड सालीची. मोकयी हाये." ते खुशीत आले. "शेजारची चपटी, पन तीबी मोकयी. पानी चालू हाये मंजे मुया फुटतीन. पाय येईन परत."

इथेच थांबावं आणि जेवायला जावं, असं मयुरीला फार वाटलं.

"त्या रक्ताच्या नळ्या, आबा. जाड ती रक्त आणणारी, चपटी नेणारी. नस त्यांच्या बाजूला आहे. तिथे बारीक कड्या दिसतात ना? प्रत्येक कडीच्या मधोमध एक ठिपका हवा. तो ठिपका म्हणजे तार. पायाची खबर तीच वर नेते."

"ठिपके तं कुठं कुठंच हायेत."

मग तिने निरोगी नसेची काच लावली. तिच्यात कड्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. आबांनी ती बराच वेळ पाहिली.

"आपल्या चारीत पाइप अन् केबल संगच गाडेल हायेत," ते म्हणाले. "पाइप चांगला. केबल जयेल."

"हो."

"जोडता येत नही?"

"नाही, आबा."

एवढं बोलताना तिला रडू आलं. आबांनी टोपी घातली आणि इथे चहा कुठे मिळतो ते विचारलं.

रविवारी दोघं यावलला आबांच्या बागेत गेली. मोटार चालू होती.

"चप्पल काढ," आबा म्हणाले.

मयुरी खोडाजवळ अनवाणी उभी राहिली.

"काय लागतं?"

"थंड."

"टाचेले का बोटायले?"

मयुरीने विचार केला. एवढा तिने परीक्षेतही केला नव्हता. "टाचेला. बोटांना अजून नाही."

"मंग हलू नको."

ती हलली नाही. आबा बांधावर तिच्या पायांकडे बघत बसले.

"आता बोटांनाही लागतंय, आबा."

कोणाच्या सांगण्यावरून आबांनी जन्मात मोटार बंद केली नव्हती. ते उठले, विहिरीकडे गेले आणि त्यांनी मोटार बंद केली.