रोडग्यांचा आर

गजेंद्र माझा पोटचा पोरगा, तरी सांगते, मायच्या तोंडाकडे न पाहता बोलायची खोड त्याला याच वर्षी लागली. सामन्याच्या दिवशी सकाळी चपला घालता घालता म्हणाला, "आज रोडगे नोको लावू, माय," आणि निघून गेला.

रोडगे म्हणजे पोळ्या नाहीत, की पाहुणे दारात आले अन् लाटल्या. कणकेचे जाड गोळे ते, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यात, घंटा-दोन घंटे भाजावे लागतात. म्हणून आमच्या घरची रीत अशी, की सामना सुरू व्हायच्या आधीच आर पेटतो. सामना झाला की त्याच्या संघाच्या पोरी आमच्याकडेच जेवतात. जिंकल्या तर रोडगे अन् वांग्याची भाजी. हरल्या तर खिचडी, रोडगे शेजारीपाजारी जातात. आर मात्र विझलेला कोणी पाहिला नाही.

गजेंद्र अमरावतीच्या हॉकी संघाचा कोच. पगारी पोरींचा संघ. मागच्या साली जुन्या पोरी सोडून गेल्या, तेव्हा यानेच अंजनगाव, अचलपूर पालथं घालून नव्या आणल्या. संघ पुन्हा उभा करतो म्हणाला. मी गावभर छाती काढून सांगितलं.

मला वाटलं, अकोल्याचा संघ भारी, म्हणून पोरगा भ्याला. सुनेला म्हटलं, आरती, तू पेटव. अन् मैदानावर जाऊन बसले.

पोरी एका गोलने पुढे होत्या. अचलपूरची गजाला नावाची पोरगी गोलात उभी होती, अकोल्याच्या पोरींना काही सुधरू देत नव्हती. सामना संपत आला अन् गजेंद्रने तिलाच बाहेर बोलावलं. गोल उघडा. मागे पडलेला संघ असं करतो, गोलकीपर काढून एक जादा पोरगी पुढे धाडतो. जिंकत असताना कोणी आपलं दार उघडं टाकतं का? अकोल्याच्या पोरींनी दोन गोल घातले अन् नाचत गेल्या.

गजाला घरी आली ती डोळे पुसत. माझंच काही चुकलं असंल, म्हणून काढलं, असं म्हणत होती.

मी गजेंद्रला आरापाशी बोलावलं. त्याने लपवलं नाही. जो संघ शेवटच्या नंबरावर राहतो, त्याला पुढच्या साली नवी खेळाडू पहिल्यांदा निवडायला मिळते, असा नियम आहे म्हणे, अन् आजचा सामना जिंकला असता तर तो शेवटचा नंबर हुकला असता. नागपूरची एक पोरगी त्याच्या मनात भरली होती. "एक साल हरू, माय, मंग दहा साल जिंकू." पोरींना सांगितलं होतं का, असं विचारलं. सांगितलं असतं तर खेळल्या नसत्या, म्हणाला.

म्हणजे सकाळीच हरून बसला होता, माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर.

मी रोडगे राखेतून काढले, तुपात बुडवले अन् पंगत बसवली. गजाला ताट बाजूला सरकवून म्हणाली, आपण तर हरलो, आजी. गजेंद्रही पाट ओढून बसला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रोडगे जिंकणाऱ्याईचे असतात, म्हणून पोरीईले वाढले. तुह्या ताटात आज खिचडी बी नाही पडत. गोल गजालानं नाही सोडला, तू सोडला. हे तिच्या तोंडाकडे पाहून, साऱ्याईसमोर तू सांगत नाही, तोवर ह्या घरात जेवाले बसू नोको. ऊठ."