पाटीवर मावेल एवढं

वडनेर भोलजीत मोतीरामची गोष्ट ऐकायची तर जेवूनखाऊन, बैलांपुढे कडबा टाकून, मगच बसावं लागे. त्याच्या गोष्टीतलं वऱ्हाड निघालं की प्रत्येक गाडीचे बैल तो वेगवेगळे सांगायचा. कोणता कुठल्या बाजारातून आणला, कोणता मारका, कोणता पाण्याला बिचकणारा. नवरीच्या गावाची शीव येईपर्यंत ऐकणाऱ्यांच्या चिलमी विझून जात, तरी कोणी उठत नसे. खळ्यावर, लग्नाच्या मांडवात, पारावर लोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. त्याला शेत होतं, मळ्यात वांगी-मिरची होती. पण गावात त्याची ओळख कास्तकार म्हणून नव्हतीच.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्याचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. खामगावच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं आणि नागपूरला पाठवलं. तिथं गाठ निघाली. मोठं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. गळ्याच्या खळगीत एक भोक राहिलं. श्वास तिथूनच आत जाई आणि तिथूनच बाहेर येई. तोंडात वारा म्हणून राहिला नाही. ओठ हलत, जीभ हले. शब्द तयार होई आणि जागच्या जागी मरून जाई.

गावी आल्यावर पहिले काही दिवस ओटा माणसांनी भरलेला असायचा. येणारे त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलत. मग विषय संपे. मोतीराम नुसता बघत बसे. ज्याच्याकडे ऐकायला जायचं, तो गप्प बसलेला पाहणं लोकांना अवघड होऊ लागलं. हळूहळू ओटा रिकामा झाला.

तो शेतात गेला, तर गाडीला जुंपलेले बैल त्याच्या हाकेसाठी थांबून राहिले. त्यानं कासरा ओढला, शेपटी पिळली. बैल मागं वळून वळून त्याच्याकडे पाहू लागले. मातीची धूळ गळ्यातल्या भोकात गेली आणि तो खोकून खोकून बांधावर बसला. त्यानंतर शेत धाकट्या भावानं, निवृत्तीनं, पाहायला घेतलं. मोतीराम घरी राहिला. घरात तो आणि बायको रुक्मिणीबाई, दोघंच. एकुलती मुलगी पुष्पा लोणारला दिलेली.

तिचीच शाळेतली पाटी त्याला माळ्यावर सापडली. मोतीराम चौथी शिकलेला होता, चातुर्मासात पोथी वाचायचा. त्यानं पाटी पुसली, पेन्सिल आणवली, आणि समोरच्या जानराव शिंप्याला हात करून बोलावलं.

त्यानं वऱ्हाडाची गोष्ट लिहायला घेतली. पहिल्या गाडीच्या पहिल्या बैलाच्या शिंगापाशीच पाटी भरली. जानरावनं वाचलं, मान हलवली. मोतीरामनं पुसलं आणि पुन्हा लिहू लागला. जानराव वाट पाहत राहिला. दुसऱ्यांदा पाटी भरली तेव्हा पहिला बैल गाडीला लागला होता. तिसऱ्यांदा जानराव उठला.

"मोतीरामभाऊ, गिऱ्हाईक आलं वाटते. मी येतो मंग."

त्याच्या दुकानात कोणी नव्हतं. मोतीरामला ओट्यावरून सगळं दुकान दिसत होतं.

तो बराच वेळ पाटीकडे पाहत बसला. एवढ्याशा चौकटीत काय मावेल? बैल मावत नाहीत, वाट मावत नाही. मग काय मावतं? शेवटी त्यानं लिहिलं :

'वरात निघाली. वाजंत्री पुढं, बाया मागं. नवरदेव घरीच राहिला. कोणाच्या लक्षातच आलं नाही.'

पाटी खांबाला टेकवून तो पाणी प्यायला आत गेला. घरासमोरच्या लिंबाखाली तेव्हा एस.टी. थांबायची, मलकापूरला, नांदुऱ्याला जाणारी माणसं सावलीसाठी त्याच्या ओट्याला टेकत. तांब्या हातात असतानाच त्याला बाहेर हसण्याचा आवाज आला. एक माणूस मोठ्यानं हसला, मग दुसरा. मोतीराम दारात येईपर्यंत गाडी निघून गेली होती आणि रस्त्यावर नुसती धूळ होती. तरी तो दारात तसाच उभा राहिला. आपल्यामुळं कोणी हसल्याला किती महिने झाले होते.

त्या दिवसापासून तो रोज एक गोष्ट लिहू लागला.

सकाळभर त्याचं तेच काम. आधी पाटी भरायची आणि मग पुसत जायचं. 'एका गावात' पुसलं तरी गाव राहतं, हे त्याला कळलं. माणसाचं नाव पुसलं तरी माणूस राहतो. बैलाचा रंग सांगितला नाही तर वाचणारा आपल्या गोठ्यातला बैल जुंपतो, आणि तो आपण सांगितलेल्या बैलापेक्षा जास्त जोरात पळतो. सुरुवातीला एकेक शब्द पुसताना त्याचा हात अडे. आवाज होता तेव्हा बोललेलं काही पुसायची त्याला सवयच नव्हती. पुढं पुढं मात्र पुसण्यातच त्याला गोडी वाटू लागली.

नांदुऱ्याच्या शाळेत शिकवायला जाणारे शेषराव गुरुजी रोज तिथंच गाडीची वाट पाहत. एका सकाळी पाटीवर होतं : 'दोघा भावांनी विहीर वाटून घेतली. दोर कोणाच्या अंगानं सोडायचा ते ठरेना. दोघंही तहानलेले बसले. भावाभावांनी असं भांडू नये.'

गुरुजींनी दोनदा वाचलं.

"मोतीरामभाऊ, रागावणार नसाल तर सांगतो. शेवटची ओळ कशाला?"

मोतीरामनं भुवया उंचावल्या.

"ते तहानलेले बसले, इथंच मला लागलं. पुढं तुम्ही माझ्या शाळेतले मास्तर झालात."

मोतीरामनं अंगठ्यानं शेवटची ओळ पुसली, पाटी लांब धरून पाहिली आणि हसला. हसण्याचाही आवाज आला नाही. गळ्यावरचं फडकं नुसतं हललं.

पण गाडी आली की गुरुजी जात, सगळेच जात. लोक वाचत तेवढा वेळ तो त्यांचे चेहरे बघून घेई. कोणाचं हसू कुठल्या शब्दाला फुटलं, कोण वाचून गप्प झालं. मग ते हसू, ते गप्प होणं, गाडीत बसून मलकापूरला निघून जाई. उलट त्याला एखादी गोष्ट सांगावी असं कोणाला सुचत नसे.

आणि आत चुलीपाशी रुक्मिणीबाई होती. बाहेर लोक हसलेले तिला ऐकू येत. कशाला हसले ते कळत नसे. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा तिनं विचारलं, "काय लिवलं आज?" मोतीरामनं हातानं मुंडावळ्या दाखवल्या, घोडा दाखवला, घर दाखवलं. तिला काही उमगलं नाही.

"असू द्या," ती म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. त्यानंही पुन्हा समजवायचा प्रयत्न केला नाही.

दिवाळीच्या आधी, अंगणातल्या दोरीकडं बघून, त्यानं एक गोष्ट लिहिली. तिच्यात फार काही पुसावं लागलं नाही.

'दर दिवाळीला ती एक झबलं धुऊन वाळत घालते. घरात लेकरू नाही. नवरा ते वाळताना बघतो आणि मागच्या दारानं निघून जातो.'

त्या दिवशी ओट्यापाशी कोणी हसलं नाही. "ही सगळ्यांत चांगली," एवढंच गुरुजी म्हणाले. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला वाचून दाखवली. ज्यांना मोतीरामचं घर जुनं ठाऊक होतं, त्यांना पुष्पाच्या आधीची पोर आठवली. नुकती चालायला लागलेली, तापानं गेलेली. गोष्ट ओट्यावरून गल्लीत गेली आणि गल्लीतून पाणवठ्यावर.

रुक्मिणीबाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली. शेजारच्या गोजरबाईनं तिला चार बायांत विचारलं होतं, "अजून जपून ठेवलं होय वो बाई, पोरीचं झबलं?"

घागर खाली ठेवून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमाले ठाऊक होतं?"

त्यानं मान हलवली.

"पयल्यापासून?"

त्यानं पुन्हा मान हलवली.

"मले वाटे, याहीले काही मालूमच नाही. म्हणून मी लपून धुवो, लुगड्याआड वाळू घालो." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "तोंड होतं तवा साऱ्या मुलखाले गोष्टी सांगतल्या. मले त्या पोरीचा एक शबद नाही. आन् आता रस्त्याले सांगून राह्यले."

मोतीरामनं पाटी ओढली.

"ठेवा ते. मले येते काय वाचता?"

दुसऱ्या दिवशी ती खामगावच्या गाडीत बसली. पुष्पाचं तिसरं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून लोणारला चालले, असं तिनं गल्लीत सांगितलं. झबलं तिनं बोचक्यात घेतलं होतं की नाही, ते मोतीरामनं पाहिलं नाही. त्या वेळी तो मागच्या दारात होता.

त्यानं पाटी पुसली आणि तशीच कोरी ठेवून दिली. लोक वाकून बघत आणि सरळ होत. गुरुजींनी विचारलं, "आज काही नाही?" त्यानं मान हलवली. त्यांनी पुन्हा काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

घरात तर आता भांड्याचाही आवाज येईना. त्याला चूल पेटवता येत नव्हती. फुंकणी तोंडाला लावून काही उपयोग नव्हता. तो सुपानं वारा घालत बसे आणि धूर गळ्यात जाऊन कासावीस होई. निवृत्तीच्या घरून भाकरी येऊ लागली. कधी कधी तो पितळी पेला मुद्दाम फरशीवर आपटे. कोणीतरी आहे असं वाटे, तेवढ्यापुरतं.

थंडी पडल्यावर तो लोणारला निघाला. कंडक्टरपुढं त्यानं पाटी धरली, तिच्यावर फक्त गावाचं नाव. खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली.

पुष्पानं बापाला पाहून डोळ्यांना पदर लावला. "माय धारेवर गेली, बाबा, धुणं घेऊन," ती म्हणाली.

तो पायऱ्या उतरून, दगडी गोमुखातून पाणी पडतं त्या धारेपाशी गेला. रुक्मिणीबाई दगडावर लुगडं आपटत होती. तिनं त्याला पाहिलं, हात थांबवला नाही. तो जवळच्या पायरीवर बसला आणि सवयीनं पाटी मांडीवर घेतली.

"माह्यासाठी पाटी नोका काढू," ती म्हणाली. "पुष्पीनं वाचून दाखवलेलं मले नाही पायजे. मधात कोणी नोको."

त्यानं पाटी बाजूला ठेवली. मग तिच्याकडं तोंड करून तो बोलू लागला, नुसत्या ओठांनी. पोर गेली त्या दिवसापासून जे जे साठलं होतं ते सगळं. ओठ भराभर हलत होते. धारेचं पाणी पडत होतं आणि तिला काही कळत नव्हतं.

"इतकं नोका बोलू. काय म्हणता ते समजत नाही."

तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, अर्धंच. तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं आणखी पुसलं. पोरीचा ताप पुसला, वैद्याकडं धावलेली वाट पुसली, खड्ड्यावर लोटलेली माती पुसली. उरलं तेवढं त्यानं सावकाश, एकेक अक्षर ओठांवर ठेवत म्हटलं.

रुक्मिणीबाई त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती. तिचेही ओठ हलू लागले.

"मले... बी... आठवते?"

त्यानं मान हलवली.

तिच्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं; तिनं ते ओढून घेतलं. ते पिळत ती म्हणाली, "मंग इतके साल काऊन नाही बोल्ले?"

तो पायाजवळच्या पाण्याकडं पाहत राहिला. तिनं पिळलेल्या लुगड्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं टोक स्वतः धरलं आणि दोघांनी मिळून ते झटकलं.

"पुष्पीचं बाळंतपण उरकलं का येतो मी," ती म्हणाली. "तुमी जा. घर उघडं नोको."

तो एकटाच परत आला. ती आली फाल्गुनात. पुष्पाला मुलगी झाली होती.

त्यानंतर पाटीवरची गोष्ट बाहेर जाण्याआधी रुक्मिणीबाईपाशी जाऊ लागली. ती तूर निवडत बसलेली असे. तो समोर बसून ओठांनी सांगे. तिच्या डोळ्यांना जो शब्द धरता येत नसे, तो पाटीवरूनही जाई. त्यामुळं गोष्टी पहिल्यापेक्षा लहान झाल्या. कधी ती म्हणे, "हे घरातच राहू द्या," आणि तो लगेच पुसून टाकी. कधी ती आपली एखादी सांगे. माहेरच्या मळ्यातली, नाहीतर विहिरीवरची. तीही तो लिही.

पुढल्या वर्षी एस.टी.चा थांबा बाजाराकडं गेला. तिकडं पत्र्याची शेड झाली होती. लिंबाखाली कोणी थांबेना. शेषराव गुरुजींची बदली मेहकरला झाली. जाताना ते येऊन मोतीरामच्या पाया पडले. ओट्यावर पाटी दिवस दिवस उन्हात पडून राही. वाचायला एखादा वाट चुकलेला माणूस.

एकदा जानराव दुपारच्या वेळी दोरा संपला म्हणून मागायला आला. दारातून त्याला दिसलं, मोतीराम भिंतीला टेकून बसला होता, त्याचे ओठ नुसते हलत होते, कसलाही आवाज नव्हता, आणि समोर रुक्मिणीबाई सूप बाजूला ठेवून, तोंडाला पदर लावून एकटीच हसत होती. जानराव दोरा न मागताच परत गेला.